मामा, हॉप्स फुलं घेऊ की गोळ्या?

भाचा म्युनिकला एमएस करतोय. त्याने आणि त्याच्या रूममेटने मिळून घरी बीअर करायला कोणाकडून तरी जुनं २० लिटरचं भांडं, फर्मेंटर म्हंजे बीअर आंबवायचं भांडं, सायफनची नळी असं सगळं उचललंय आणि तेव्हापासून दर रविवारी मला फोन असतो. मागच्या रविवारी मी सोमेश्वरच्या पुढे मिसळीसाठी नंबर लावून उभा, आणि हा विचारतो, "मामा, दुकानात टेटनांग जातीचे हॉप्स आहेत पण एका पाकिटात फुलं आहेत, एकात गोळ्या आहेत, बाजूला क्रायो म्हणून काहीतरी आहे ते डबल भावाचं, आणि एक सिरिंजमध्ये काळं चिकट काहीतरी आहे. घेऊ कुठलं?" रांगेत उभं राहून जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न अजून दोघांनी विचारलाय, दोघेही नाशिकचेच, एक मेलबर्नला आणि एक न्यू जर्सीला.

आधी एक स्पष्ट करतो. हे सगळं जिथे घरी बीअर करायला परवानगी आहे तिथल्या लोकांसाठी आहे. जर्मनीत स्वतःपुरती बीअर केली तर वर्षाला आधी २०० लिटरपर्यंत टॅक्स नव्हता, २०२४ पासून ५०० लिटर केलंय. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, लायसन्सशिवाय घरी बीअर करणं गुन्हा, मग ती पाच लिटर का असेना. मी कंपनीच्या कामाने साडेतीन वर्षं स्टुटगार्टला होतो तेव्हा तिथे करायचो. नाशकात आल्यापासून हॉप्सचा सोडा करतो, त्यात अल्कोहोल नसतं, त्याचं खाली सांगतोच.

तर हॉप्स म्हंजे एका वेलीची मादी फुलं. भांगेच्याच कुळातली वेल आहे पण नशेचा काही संबंध नाही, उगाच कोणी खूश होऊ नका. फूल हिरवं, कागदासारख्या पाकळ्यांचं, छोट्या शंकूसारखं दिसतं. ते उघडून बघितलं तर आत पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी धूळ दिसते, हळदीसारखी, बोटाला चिकटते. तिला ल्युप्युलिन म्हणतात आणि आपण पैसे मोजतो ते या पिवळ्या धुळीचे. बाकी हिरवा पाला. त्या धुळीत अल्फा आम्लं असतात, ती उकळली की रूप बदलतात आणि बीअरला कडूपणा येतो. आणि तेलं असतात, त्यांनी वास येतो, पण ती तेलं उकळताना उडून जातात. म्हणून कडूपणासाठी हॉप्स सुरुवातीला टाकून तासभर उकळायचे आणि वासासाठी शेवटी, गॅस बंद करताना किंवा नंतर फर्मेंटरमध्ये. आपण खडे मसाले आधी तेलात टाकतो आणि कोथिंबीर शेवटी, तसंच.

आता फुलं, गोळ्या, क्रायो, अर्क ही सगळी एकाच मालाची वेगवेगळी रूपं. नाशिकच्या माणसाला हे कांद्यावरून लगेच कळेल. पातीचा ओला कांदा आज आणला तर उद्या-परवा संपवायचा, चाळीतला उन्हाळ कांदा महिनोन् महिने जातो पण चाळ नीट पाहिजे, आणि वाळवलेले काप किंवा कांद्याची पावडर डब्यात बंद करून ठेवली की जागा कमी, टिकतं जास्त, पण प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. पोह्यात कुठला टाकायचा आणि गड्डीच्या भावात काय परवडतं ते आपण रोज ठरवतोच की. हॉप्सचं वेगळं काही नाहीये.

मी भाच्याला पहिला प्रश्न विचारला तो हा नव्हता की तुला कुठली बीअर करायचीय. विचारलं, भांड्याला नळ आहे का, आणि नळाच्या आतून जाळी आहे का? कारण लोक वास, भाव, रंग सगळं बघतात आणि भांडं बघत नाहीत. फुलं उकळली की फुगून भांड्याच्या तळाशी त्यांचा थर बसतो आणि तो थर स्वतःच गाळणीचं काम करतो, जाळीचा नळ असेल तर वर्ट मस्त स्वच्छ खाली येतं. वर्ट म्हंजे माल्टचं, मोड आणून वाळवलेल्या जवाचं गोड पाणी, बीअर व्हायच्या आधीचं. गोळ्या मात्र गरम पाण्यात पडल्या की दोन मिनिटात फुटून हिरवा चिखल होतो, आणि तो चिखल बारीक जाळीत बसला की नळ बंद. माझं झालंय हे. उकळतं वर्ट, नळ चोंदलेला, आणि मी लाकडी उलथन्याने आत ढोसतोय. ज्यांच्याकडे साधं पातेलं आहे आणि सायफनच्या नळीने वर्ट काढतात त्यांना गोळ्या बऱ्या, वर्ट एका दिशेने जोरात ढवळायचं, पंधरा-वीस मिनिटं शांत ठेवायचं, गाळ मधोमध ढिगासारखा बसतो, मग नळी कडेने घालून वरचं ओढून घ्यायचं. याच्या उलट, सायफनने फुलंवालं वर्ट काढायला गेलात तर पाकळी नळीच्या तोंडाला चिकटते आणि तुम्ही तिथेच.

भाच्याच्या भांड्याला नळ आहे, जाळी नाही. म्हटलं मग गोळ्या घे, आणि हॉप्स टाकायची नायलॉनची बारीक पिशवी घे, पिशवी मोठी घे, गोळ्यांना आत सुटं फिरायला जागा पाहिजे, घट्ट बांधली तर मधला भाग कोराच राहतो, पुरणाच्या पोटलीसारखं.

गोळ्यांबद्दल जरा जास्त सांगतो कारण दहातल्या नऊ वेळा उत्तर तेच असणारे. पाकिटावर टी-९० लिहिलेलं असतं. ते नाव असं पडलं की १०० किलो सुक्या हॉप्सपासून ९० किलो गोळ्या मिळायच्या. म्हंजे पाला बहुतेक सगळा तसाच आहे, फक्त दळून दाबून गोळी केलीय. कधी टी-४५ दिसतं, त्यात बराच पाला काढून टाकलेला असतो आणि पिवळी धूळ जास्त. दळल्यामुळे ल्युप्युलिनच्या पिशव्या फुटलेल्या असतात, म्हणून गोळ्यांतून कडूपणा फुलांपेक्षा ढोबळमानाने १० टक्के जास्त उतरतो. रेसिपीत फुलं लिहिली असतील आणि तुमच्याकडे गोळ्या असतील तर दहाव्या हिश्शाने कमी करा, उलट असेल तर वाढवा. आणि हे फक्त उकळायच्या हॉप्सना लावायचं, शेवटी वासाला टाकताना एवढा हिशोब कोणी करत नाही, मीही नाही.

हिशोबाचं निघालंच आहे तर एकदा करूनच दाखवतो. पाकिटावर अल्फा किती टक्के ते लिहिलेलं असतं. नसेल तर ते पाकीट घेऊ नका, विषय संपला. समजा २० लिटर बीअर करायचीय, कडूपणा ३५ आयबीयू पाहिजे, आयबीयू हे कडूपणाचं माप, म्हंजे लिटरला ३५ मिलिग्रॅम कडू आम्ल, एकूण ७०० मिलिग्रॅम. तासभर उकळून साध्या ताकदीच्या वर्टमध्ये अल्फातला साधारण २३ टक्केच उतरतो, म्हणून ७०० भागिले ०.२३, म्हंजे तीन ग्रॅमच्या आसपास अल्फा टाकावा लागेल. मॅग्नम जातीच्या गोळ्या १२ टक्क्यांच्या असतील तर २५ ग्रॅममध्ये काम होतं. तेच टेटनांग ४ टक्क्यांचं घेतलं तर ७६ ग्रॅम लागतं. म्हंजे नुसत्या कडूपणासाठी टेटनांग जाळणं म्हणजे वरणाच्या फोडणीला केशर टाकल्यासारखं आहे. कडूपणाला जास्त अल्फावालं स्वस्त पाकीट, वासाला आवडीचं. भाचा नेमका हेच चुकवत होता, तासभर उकळायला पण टेटनांग आणि शेवटी पण टेटनांग, आणि फुलं. ८०-९० ग्रॅम फुलं नुसती कडूपणाला.

आणि फुलं पितात राव. १०० ग्रॅम सुकी फुलं लिटर-सव्वा लिटर वर्ट धरून बसतात, पिळून काढावं तर तुरट चव येईल अशी भीती. गोळ्या त्याच्या निम्म्याच्या आसपास धरतात. कमी हॉप्सच्या बीअरला हे कळत पण नाही, पण आयपीएसारखी ढीगभर हॉप्सवाली बीअर करायला गेलात तर २० लिटर चढवून हातात किती येतंय ते बघून रडायला येतं.

मग फुलं घ्यायचीच नाहीत का? घ्या की. त्यांचा वास, त्यांचं ते बोटावर चोळणं, भांड्यात तरंगताना दिसणं, याला काही तोड नाही, मी पहिलं वर्ष फुलंच वापरली. जाळीचा नळ असेल, वर्ट थंड करायला प्लेटवाला चिलर असेल तर फुलांचा थर उलट कामाला येतो, गोळ्यांचा गाळ चिलरच्या आत जाऊन बसला तर साफ करताना जीव जातो. फक्त दोन गोष्टी. एक, ताजी पाहिजेत. गोळीत दाबून हवा बाहेर काढलेली असते, फुलांत पाकळी-पाकळीमधे हवा असते, आणि हवा आणि ऊब हे हॉप्सचे दोन दुश्मन. मी एकदा एका दुकानातून सेलमध्ये अर्ध्या भावात फुलं घेतली, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत, घरी येऊन उघडली तर वास जुन्या चीजचा, दिवसभर बुटात राहिलेल्या मोज्यांचा म्हणा हवं तर. जुनाट हॉप्सचा हाच वास असतो. पाकिटावर पिकाचं वर्ष होतं, दोन वर्षं जुनं, मीच वाचलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, फुलं निमुळत्या तोंडाच्या काचेच्या बाटलीत, ते मोठे कारबॉय असतात ना, त्यात कधीच टाकू नका. आत जातात, फुगतात, बाहेर येत नाहीत. मी कपड्याच्या हँगरची तार वाकवून एकेक फूल काढलंय, बायको व्हिडिओ काढत होती.

ओली फुलं म्हणून अजून एक प्रकार आहे, वेलीवरनं काढून न वाळवता सरळ भांड्यात. आपल्याकडे द्राक्षं सकाळी तोडून लगेच प्रीकूलिंगला नेतात, उशीर झाला की माल गेला, हॉप्सचं त्याहून वाईट, २४ तासात वापरायची. मी ऑगस्टच्या शेवटी स्टुटगार्टहून टेटनांग गावाच्या बाजूला गेलो होतो, सात-आठ मीटर उंच तारांवर वेली चढवलेल्या, आपल्या द्राक्षाचा मांडव एकदम बुटका वाटतो त्यापुढे. पिशवीभर फुलं घेऊन गाडीत ठेवली, रस्ताभर गाडीत संत्र्याच्या सालीसारखा, कापलेल्या गवतासारखा वास. वाळवताना हॉप्सचं पाणी ७५-८० टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत आणतात, म्हणून रेसिपीत ३० ग्रॅम सुकं असेल तर ओलं साधारण ११० ते १३५ ग्रॅम लागतं, चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो ना, तसाच काहीसा हिशोब. ओल्यात अल्फा किती आहे ते कुणाला माहीत नसतं, तर कडूपणाला गोळ्याच टाका आणि ओली फुलं गॅस बंद केल्यावर. वर्षातून एकदाची मजा आहे ती, मिळाली तर सोडू नका, पण यावर गणित बांधू नका.

दाबलेल्या फुलांच्या चकत्या पण असतात, साधारण १४ ग्रॅमची एक, हल्ली फारशा मिळत नाहीत. मिळाल्या तर फुलंच समजून वापरा.

क्रायो. हे नाव अमेरिकेतल्या याकिमाच्या कंपनीचं आहे, आता लोक सगळ्याच त्या प्रकाराला क्रायो म्हणतात, जसं आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो. हॉप्स एकदम थंड करून, लिक्विड नायट्रोजनमध्ये, पिवळी धूळ पाल्यापासून वेगळी करतात आणि तिच्या गोळ्या करतात. पाला गेला म्हंजे ताकद जवळपास दुप्पट, म्हणून टी-९० च्या निम्म्याने टाकायचं. डबल भाव बघून भाचा दचकला होता, पण निम्मंच लागणार म्हटल्यावर हिशोब बराचसा जुळतो. आणि वर्ट कमी पितं, गाळ कमी, गवताळ चव कमी. हे सगळं खरं, पण फक्त शेवटी टाकायला, गढूळ रसाळ आयपीए वगैरे करायची असेल, सिट्रा, मोझॅक असल्या आंबा-लिंबू वासाच्या जाती असतील तेव्हा. तासभर उकळायला क्रायो टाकलं तर पैसे वाफेवर. आणि साध्या जर्मन लागरला त्याची गरजच नाही. मी स्वतः निम्मं क्रायो आणि निम्म्या ताकदीला साध्या गोळ्या असं मिसळतो, नुसत्या क्रायोची बीअर मला सेंट मारल्यासारखी लागते, हे माझं मत, भांडू नका.

सिरिंजमधलं काळं चिकट म्हंजे अर्क. कार्बन डायऑक्साईडने हॉप्समधला चीक काढलेला असतो, काकवीपेक्षा घट्ट. नवशिक्यांनी नाही घेतलं तरी चालेल. खूप कडू बीअर करायचीय आणि भांड्यात चिखल नकोय तेव्हा उपयोगी. सिरिंज कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, नाहीतर बाहेरच येत नाही, मग उकळत्या वर्टमध्ये. हा अर्क उकळावा लागतो हे लक्षात ठेवा. आयसोमराइज्ड लिहिलेला अर्क वेगळा, त्याचं उकळायचं काम आधीच झालेलं असतं, तो तयार बीअरमध्ये थेंबाथेंबाने टाकून कडूपणा दुरुस्त करता येतो.

फर्मेंटरमध्ये टाकायच्या हॉप्सबद्दल, ज्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. गोळ्या तिथे लवकर वास सोडतात, दोन-तीन दिवस पुरे. फुलं वर तरंगतात, वरचा भाग कोरडाच राहतो, म्हणून पिशवीत उकळून घेतलेली काचेची गोटी किंवा स्टीलचं वजन टाकून बुडवावी लागतात आणि दिवस जास्त द्यावे लागतात. गोळ्या वापरल्या तर बाटलीत भरायच्या आधी फर्मेंटर फ्रिजमध्ये किंवा तिकडच्या थंड गॅलरीत दोन दिवस ठेवा म्हंजे चुरा खाली बसतो. न बसवता भरलीत तर त्या चुऱ्याच्या कणांवर गॅसचे बुडबुडे धरतात आणि बाटली उघडली की फवारा. अजून एक, हॉप्समध्ये थोडे एन्झाइम असतात, ते उरलेली न आंबणारी साखर फोडतात आणि यीस्ट परत कामाला लागतं, म्हणून ड्राय हॉपिंग झाल्यावर घाईने बाटल्या भरू नका. दोन-तीन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरचं, म्हंजे साखर किती उरली ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीचं रीडिंग घ्या, दोन्ही सारखं आलं तरच भरा. बाटली फुटली तर काचा छताला लागतात.

घरात कुत्रा असेल तर वापरलेले हॉप्स कंपोस्टमध्ये उघडे टाकू नका. कुत्र्यांना हॉप्स विषारी आहेत, अंगातला ताप भयानक वाढतो, जीव जाऊ शकतो. फुलं, गोळ्या, उकळलेला गाळ, सगळंच.

आता विकत घेताना काय बघायचं. पाकीट चांदीसारख्या फॉइलचं, हवा काढून दाबलेलं. आतलं दिसत असेल अशी पिशवी नको. पिकाचं वर्ष वाचा. जर्मनी, चेक, अमेरिकेचं पीक ऑगस्ट-सप्टेंबरचं, नवा माल हिवाळ्यात दुकानात येतो, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाचं पीक आपल्या फेब्रुवारी-एप्रिलमधे, मेलबर्नवाल्याने हे ध्यानात ठेवावं. दुकानदार पाकिटं फ्रिजमध्ये ठेवतो की खिडकीत मांडून ठेवतो ते बघा, यावरूनच मी दुकान ठरवायचो. घरी आणलं की डीप फ्रीजर. साधारण १५ डिग्री तापमान वाढलं की हॉप्स खराब व्हायचा वेग दुप्पट होतो असा ढोबळ नियम आहे, त्यामुळे फ्रीजर आणि किचनचं कपाट यात किती फरक पडतो ते तुम्हीच बघा. उघडलेलं पाकीट हवा दाबून काढून, गुंडाळून, झिप पिशवीत, आणि वर मार्करने तारीख. उघडलेली फुलं महिन्याभरात संपवा, गोळ्या फ्रीजरमध्ये बऱ्याच जास्त टिकतात.

ही टिकण्याची गोष्ट मला खरी कळली ती नाशकात. हॉप्सच्या वेलीला उन्हाळ्यात लांबच लांब दिवस लागतात, आपण २० अंशावर, आपल्याकडे ती नीट फुलत नाही, भारतात लाहौलसारख्या ठिकाणी होते. म्हणजे इथे जे येतं ते लांबून आणि कुरिअरने. मी सोड्यासाठी एकदा मे महिन्यात फुलं मागवली, पाकीट तीन दिवस कुठल्यातरी गोडाऊनमध्ये ४० डिग्रीत पडलं असणार, आलं ते वास नसलेलं सुकं गवत. त्याच दुकानाच्या गोळ्या त्याच पार्सलमध्ये होत्या, त्या वापरता आल्या. तेव्हापासून फुलं फक्त डिसेंबर-जानेवारीत मागवतो, एरवी गोळ्या.

सोडा असा. लिटरभर पाणी उकळून ७५ डिग्रीपर्यंत खाली येऊ द्या, थर्मामीटर नसेल तर गॅस बंद करून सात-आठ मिनिटं. अर्ध्या लिंबाचा रस आधीच पिळा, पाणी आंबट असलं की हॉप्सचा तुरटपणा कमी उतरतो. दीड ग्रॅम हॉप्स, सिट्रा किंवा कॅस्केड. इथे मात्र फुलं बरी, चहाच्या गाळणीने गाळता येतात, गोळ्या टाकल्या तर स्वच्छ पंचा दुहेरी करून गाळावं लागतं आणि तरी थोडा हिरवा गाळ राहतोच. वीस मिनिटं झाकून ठेवा, गाळा, फ्रिजमध्ये रात्रभर, सकाळी वरचं नितळ ओतून घ्या आणि सोडा मशीनमध्ये गॅस भरा. साखर टाकायची नाही, टाकली तर ठेवायचा नाही, लगेच प्यायचा. बाटली उन्हात ठेवू नका. बीअरमध्ये कडूपणाच्या घटकांवर ऊन पडलं की वास बिघडतो, तपकिरी बाटल्या त्यासाठीच असतात, आणि सोड्याचाही वास उन्हात टिकत नाही.

भाच्याने शेवटी मॅग्नमच्या १०० ग्रॅम गोळ्या आणि टेटनांगच्या १०० ग्रॅम गोळ्या घेतल्या. आणि मला न सांगता ५० ग्रॅम फुलं पण घेतली, वास घ्यायला.